काळोखाचे भाडे

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमिनीचे क्षेत्र असते, आकारणी असते, पीकपाणी असते, वारसांची नावे असतात. विहीर असेल तर तिचीही नोंद सापडते. काळोखाची नोंद नसते. पहाटे खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याची नसते, सड्यावर रात्रभर ओरडणाऱ्या रातव्याची नसते, मोटारीचा आवाज न येण्याची तर नसतेच नसते. आणि तरीही मुंबई-पुण्याचा माणूस सहा-सात तास प्रवास करून खेड्यातल्या तंबूत दोन रात्री काढायला येतो, तो या नोंद नसलेल्या गोष्टींसाठीच. कापडाचा तंबू त्याला आपल्या इमारतीच्या गच्चीवरही ठोकता आला असता. तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी आता शहरात घरपोच मिळते. तो पैसे मोजतो ते तंबूच्या बाहेर जे आहे त्याचे.

मग प्रश्न असा येतो, की जे आपल्या मालकीचे नाही त्याचे भाडे आपण घ्यावे काय? आणि घेतलेच, तर त्या पैशाबरोबर कोणाचे देणे आपल्या डोक्यावर बसते?

प्रश्न पुस्तकी वाटण्याचा संभव आहे, म्हणून तो कोठून आला ते सांगतो. माझा पुतण्या चौदा वर्षे कुवेतला नोकरी करून गावी परतला. दापोली तालुक्यात, खाडीच्या अंगाला आमची अडीच एकरांची बाग आहे. हापूसची जुनी कलमे, थोडे काजू, मागे कातळाचा सडा. कोरोनाची टाळेबंदी उठल्यावर त्याने बागेत सहा तंबू उभे केले. जांभ्याचे चौथरे सिमेंट न वापरता रचले, त्यावर कापड ताणले, सौरदिवे लावले. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले होते, त्याखाली रीतसर नोंदणी केली. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस, हिशोबाची वही माझ्याकडे आली. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा कोणीतरी 'कॅम्प' हा शब्द सुचवला. पुतण्याने तो साफ नाकारला. आखातात राहून आलेल्या कोकणी माणसाला 'कॅम्प' म्हटले की एका खोलीतल्या आठ-आठ खाटा आणि सामाईक मोरीपुढची रांगच आठवते. शेवटी पाटीवर 'पर्यावरणस्नेही निवास' असे आले. गावात मात्र त्याला नुसते 'तंबू' म्हणतात आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो, कारण तो कोणताही दावा करीत नाही.

दावा काय आहे ते पाहू. सौरदिवा, कापडी पिशवी, बांबूची खुर्ची, प्लास्टिकची बाटली नाही. एवढ्यावर पर्यावरणस्नेही होता येत असेल, तर माझी आजी त्या अर्थाने जन्मभर पर्यावरणस्नेही होती. तिला कोणी कधी प्रमाणपत्र दिले नाही. मागासलेली मात्र पुष्कळांनी म्हटले. तेव्हा वस्तूंवरून हा प्रश्न सुटत नाही. तो कामावरून थोडाफार सुटतो असे मला वाटते, आणि सगळ्या कामांत संडासाचे काम पहिले.

बागेतले दोन्ही संडास पाण्याच्या झटक्याने मैला वाहून नेणारे नाहीत. ते गोपुरी संडासाच्या तत्त्वावर बांधले आहेत. कोकणातल्या वाचकाला हे नाव नवे नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत, त्यांनी मैल्याचे सोनखत करणारा हा संडास खेड्यांसाठी रुजवला. दोन कप्पे, एक भरला की तो झाकून दुसरा वापरायचा, प्रत्येक वेळी वरून माती, राख किंवा सुका पालापाचोळा टाकायचा. काही महिन्यांनी झाकलेल्या कप्प्यात जे उरते त्याला मातीचा वास येतो. जांभ्याच्या जमिनीत याचे महत्त्व आणखी वाढते. जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यात सोडलेले घाण पाणी त्यातून कोठे झिरपेल ते सांगता येत नाही, आणि उतारावर खालच्या अंगाला बहुधा कोणाची तरी विहीर असते.

पण अप्पासाहेबांची आठवण केवळ तंत्रासाठी काढलेली नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली, ती नाकारली गेली तेव्हा उपास आरंभला, आणि येरवड्याहून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपास केला. हे काम एका विशिष्ट जातीच्याच माणसाने का करावे, हा त्यांचा प्रश्न होता. नव्वद वर्षांनी आमच्या बागेत तोच प्रश्न उभा राहिला. कप्पा उपसायचा कोणी? बागेतल्या गड्याने नकार दिला, आणि तो त्याचा हक्क होता. गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी पलीकडच्या वस्तीतल्या एका कुटुंबाचे नाव सुचवले. कोणती वस्ती ते सांगायला नको. पुतण्याने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः फावडे घेऊन उतरला. तेव्हापासून ते काम तोच करतो. शहरातून येणाऱ्या पाहुण्याला हा संडास फार कौतुकाचा वाटतो, तो त्याचे फोटो काढतो. उपसणार कोण, हे मात्र आजवर एकाही पाहुण्याने विचारलेले नाही. निसर्गाशी स्नेह जोडताना माणसांची जुनी उतरंड जशीच्या तशी वापरायची असेल, तर तो स्नेह कोणाच्या जिवावर चालला आहे हे आधी विचारावे लागेल.

आता काळोखाकडे येतो. आमच्या वाडीत वीज आली ती माझ्या शाळकरी वयात. त्याआधी कंदिलाची काच पुसणे हे आम्हा मुलांचे संध्याकाळचे काम होते. वीज आल्यानंतरही ती असेच असे नाही. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र किती पोळला ते सर्वांना ठाऊक आहे. दहावीची मुले मेणबत्तीवर अभ्यास करीत. त्या काळोखाबद्दल कोणी एक पैसा दिला नसता. आज त्याच बागेत, त्याच वेळी, दिवा मालवण्यासाठी माणसे पैसे देतात. पुतण्या पाहुण्यांना रात्री नऊनंतर बाहेरचे दिवे बंद ठेवायला सांगतो आणि ते आनंदाने ठेवतात.

हा विरोधाभास हसण्यावारी नेता येईल, पण मला तो बारकाईने पाहण्यासारखा वाटतो. काळोख एकच आहे, फरक आहे तो कळ कोणाच्या हातात आहे याचा. ज्याच्या घरी कळ दाबली की दिवा लागतो त्याला काळोख ही चैन असते. ज्याच्या हाती कळच नाही त्याच्यासाठी ती वंचना असते. म्हणून 'गावाने जुन्यासारखेच राहावे, तेच सुंदर आहे' असे पाहुण्याने म्हटले की मी सावध होतो. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकले नाहीत. खाली तोंड करणारे, आकाशात उजेड न फेकणारे दिवे बसवले. मला हा मार्ग न्याय्य वाटतो. गावाला रस्ता दिसला पाहिजे आणि आकाशालाही त्रास होऊ नये. तारे पाहायला येणाऱ्यासाठी गावातल्या म्हाताऱ्याने अंधारात ठेच खावी, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

काळोखाचा आणखी एक हक्कदार असतो, तो बोलत नाही. मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी, आमच्या बागेच्या कडेला काजवे उतरतात. त्यांचे लुकलुकणे ही जोडीदाराला दिलेली हाक असते. प्रौढ काजव्याला आयुष्य मिळते ते थोड्याच आठवड्यांचे, आणि त्यात विजेरीचा झोत अंगावर आला की हाक हरवते. समुद्राकाठच्या कासवांचेही तसेच. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, ओटीवर झोपतात, जे शिजेल ते जेवतात. वाळूतून वर आलेले पिल्लू उजळ क्षितिजाच्या दिशेने चालू लागते, म्हणून किनाऱ्यावर भलते दिवे चालत नाहीत. पण वेळासची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पिल्लू बाहेर येईलच याची हमी तिथे कोणी देत नाही. दोनशे-अडीचशे किलोमीटरवरून आलेली माणसे किनाऱ्यावर उभी राहतात आणि कधी कधी काहीही न पाहता परत जातात. जे आपले नाही त्याची हमी देता येत नाही, हे ग्राहकाला तोंडावर सांगणारा व्यवहार आजच्या काळात दुर्मीळ आहे.

पाण्याचा विचार मात्र इतक्या सौम्यपणे करता येत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात. उतार आणि जांभा मिळून पाणी समुद्राला देऊन टाकतात. आमच्या बागेतली विहीर आजोबांच्या वेळची. उतारावर नावे आमची आहेत, पण खालच्या कुणबीवाडीतली अकरा घरे उन्हाळ्यात तिच्यावरच पाणी भरतात. त्याला कोणताही लेखी करार नाही. आजोबांच्या वेळी होते तेच आजही चालू आहे.

एक साधे गणित मांडतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. शहरासाठी शासकीय प्रमाण १३५ लिटरचे आहे. सहा तंबूंत बारा पाहुणे आले आणि शहरातल्या सवयीने वागले, तर दिवसाला १,६२० लिटर पाणी लागते. खेड्याच्या प्रमाणाने हे एकोणतीस माणसांचे पाणी झाले. म्हणजे बारा माणसे येतात तेव्हा पाण्याच्या हिशोबाने गावात एकोणतीस माणसे उतरतात. संडासात झटक्याचे पाणी नसल्यामुळे आणि आंघोळीला बादली असल्यामुळे आमच्याकडे हा आकडा बराच खाली येतो, पण शून्य होत नाही. आणि ते पाहुणे येतात नेमके सुट्टीत, म्हणजे विहीर तळाला लागते तेव्हाच.

पाणी, गवत आणि विस्तव या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये नोंदलेली आहे. वाळवंटात तांडा घेऊन फिरणाऱ्या माणसांसाठी ती रोजच्या व्यवहाराची बाब होती. गंमत अशी की तंबूचा धंदा करणाऱ्याला आजही याच तीन गोष्टी लागतात. गवतावर तंबू उभा राहतो, विहिरीवर आंघोळ होते, आणि शेकोटीवाचून पाहुण्याची रात्र पुरी होत नाही. शेकोटीला एका रात्री आठ-दहा किलो लाकूड लागते. म्हणजे बाईने डोक्यावरून आणलेली मोळी दोन-तीन रात्रींत संपते. वाडीत गॅस आला आहे, पण भरलेल्या टाकीचे पैसे दर महिन्याला निघत नाहीत, म्हणून आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. गळून पडलेले लाकूड आम्ही विकत घेऊ लागलो असतो तर वाडीला दोन पैसे मिळाले असते हे खरे, पण ज्या घरात ते लाकूड जळत होते त्या घरातून ते पाहुण्याच्या करमणुकीकडे गेले असते. म्हणून शेकोटी फक्त शनिवारी, एकच, सर्वांची मिळून, आणि बागेतल्या छाटणीच्या फांद्यांची. पुष्कळांना हे आवडत नाही.

पाण्याबाबत जुन्या फकीहांनी एक भेद केला आहे, तो मला फार उपयोगी वाटतो. भांड्यात भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे. पण विहिरीतले आपली गरज भागून उरलेले पाणी तहानलेल्याला नाकारता येत नाही. रहाट आणि कळशी यांच्या काळात हा भेद स्पष्ट होता. एक माणूस भरून भरून किती भरणार! आता विहिरीवर दीड अश्वशक्तीचा पंप आहे आणि वर पाच हजार लिटरची टाकी आहे. या टाकीला भांडे समजावे काय? टाकीत चढले की पाणी आमचे झाले, असे कायद्याने कदाचित म्हणता येईल. पण मग सकाळी पंप आधी कोणी सुरू केला यावरच मालकी ठरेल. म्हणजे हक्काच्या जागी केवळ वेग आला.

ज्याच्या पाण्यावर गोष्ट उभी असते तो दिसेनासा कसा होतो याचे मोठे उदाहरण मावळात आहे. पवना धरणाच्या काठाने अलीकडच्या वर्षांत तंबूंच्या रांगा लागल्या. सूर्यास्ताच्या वेळी पाण्याचा फोटो काढणाऱ्याला ते पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाते हे क्वचित माहीत असते. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते. मी पाहुण्याला दोष देत नाही, त्याला कोणी सांगतच नाही. जो जागा भाड्याने देतो त्याने सांगायला हवे, पण सांगितले तर सूर्यास्ताची किंमत उतरते.

या सगळ्यावर पुतण्याचे म्हणणे असते, 'चाचा, आपण नाही घेतले तर हे लोक जातील कुठे? पलीकडच्या रिसॉर्टला. तिथे पोहण्याचा तलाव आहे, रात्री दोनपर्यंत गाणी आहेत.' हा युक्तिवाद वजनदार आहे. पण याच युक्तिवादावर जगातला प्रत्येक धंदा उभा राहू शकतो. दुसरा वाईट करील म्हणून मी थोडे कमी वाईट करतो, असे म्हणणारा माणूस आपली रेघ स्वतः ओढत नाही, शेजाऱ्याच्या रेघेपासून मोजतो. शेजाऱ्याने तलाव मोठा केला की आपली सवलत वाढते.

मोटारीचा मुद्दा मात्र त्याच्याकडूनही सुटत नाही. मुंबईहून येऊन-जाऊन साडेचारशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर तीस लिटर पेट्रोल जळते, आणि एक लिटर पेट्रोल जळून सव्वादोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका मोटारीमागे जवळजवळ सत्तर किलो. तेच कुटुंब दोन रात्री घरी वातानुकूलन लावून झोपले असते तर वीसेक युनिट वीज लागली असती. कोळशाची वीज धरली तरी पंधरा-अठरा किलोंच्या आसपास. सौरदिव्याने आम्ही वाचवतो ते या हिशोबात दिसतही नाही. खेडपर्यंत कोकण रेल्वे आहे, पुढे एस.टी. आहे. रेल्वेने येणाऱ्याला पुतण्या दरात सूट देतो. गेल्या हंगामात ती सूट घेणारी चार कुटुंबे आली. त्यांतली दोन मुळात खेडचीच होती, माहेरी आली होती!

तिसरा आक्षेप माझा मलाच सुचलेला आहे आणि तो सर्वांत जड आहे. लहान राहणे परवडते कोणाला? पुतण्याच्या सहा तंबूंमागे कुवेतची चौदा वर्षे आहेत. बँकेचे कर्ज नाही, बाग वडिलोपार्जित आहे. तो 'सहाच पुरेत' म्हणू शकतो. ज्याने कर्ज काढून चार खोल्या बांधल्या त्याला हप्ता 'पुरे' म्हणू देत नाही. मग आमचे लहानपण हा सद्गुण की शिलकीतून आलेली ऐट? ब्रिटनमध्ये १९६०च्या एका कायद्याने मान्यताप्राप्त संघटनांना अशी सवलत दिली, की त्यांनी प्रमाणित केलेल्या शेतावर एका वेळी पाचपर्यंत कॅराव्हॅन वेगळ्या परवान्याशिवाय उभ्या राहू शकतात. त्यामुळे पाच गाड्यांची शेकडो छोटी ठिकाणे तिथे टिकून आहेत. आकडा कायद्याने बांधला की शेजारी कर्जबाजारी असो वा शिलकीत, मर्यादा दोघांना सारखी. आपल्याकडे मर्यादा ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेली असते, म्हणून तिची फुशारकीही मारता येते.

पाहुणा आणि गिऱ्हाईक यांच्यातला फरक हा अशा चर्चेत हमखास निघणारा विषय. आमच्या वडिलांच्या पिढीला घरी आलेल्याकडून पैसे घेणे ही कल्पनाच सहन झाली नसती. आपल्या परंपरेत पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे आणि यजमानाला अडचण होईपर्यंत राहू नये असे पाहुण्यालाही बजावले आहे, याची आठवण मला काही पाहुण्यांना द्यावीशी वाटते. पण पैसे आले म्हणून सगळे नासले, असे रडगाणे मी गाणार नाही. फुकटच्या पाहुणचाराचा भार घरातल्या बायकांवर पडत असे, आणि त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. आज वाडीतल्या तिघी जणी भाकऱ्या आणि कुळथाचे पिठले करून देतात, त्याचे ठरलेले पैसे शनिवारी हातात घेतात. त्यांतली एक म्हणाली, नवऱ्याला न विचारता खर्च केलेले हे पहिले पैसे. हे मला कमी मोलाचे वाटत नाही.

विक्री कोठे थांबावी, हा मात्र खरा प्रश्न आहे. एका गटाने विचारले की भाकरी करणाऱ्या बाई नऊवारी नेसून, चुलीपुढे बसून करतील का, म्हणजे मुलांना बघता येईल. बाई घरी गॅसवर करतात, गाऊनवर करतात. पुतण्या म्हणाला, 'भाकरीचे पैसे घेतलेत, त्यांचे नाही.' दुसऱ्या एकाने विचारले, आंबा सेंद्रिय आहे का? नाही, असे उत्तर त्याला मिळाले. तंबूंभोवतीच्या दहा कलमांवर फवारणी बंद केली आहे आणि तिथले पीक पडले आहे. उरलेल्या बागेवर तुडतुडे आणि भुरी यांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारण्या होतात, आणि त्यानंतरचे काही दिवस तंबू रिकामे ठेवतो. पाटीवर हे लिहिलेले नाही. विचारणाऱ्याला मात्र सांगितले जाते.

विहिरीचे काय केले ते सांगायचे राहिले. सुरुवातीला मी म्हटले, वाडीला विचारू या. किती तंबू चालतील ते त्यांनी ठरवावे. वाडी बसली, चहा झाला, आणि सगळे म्हणाले, 'तुमची विहीर, तुमची बाग, आमची काय हरकत?' पुतण्याने समाधानाने माझ्याकडे पाहिले. मला ते समाधान पटले नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी त्याचीच लागते, तीन घरांना भाकरीचे पैसे त्याच्याकडूनच जातात. अशा माणसाला तोंडावर 'हरकत आहे' कोण म्हणेल? पैसे देणारा आणि पैसे घेणारा यांच्या व्यवहारात तिसऱ्याला विचारून भागत नाही, कारण तो बहुधा दोघांपैकी एकाच्या उपकाराखाली असतो.

म्हणून विहिरीलाच विचारले. आत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. वाडीतल्या दोन वयस्क बायकांनी सांगितले की सातवी पायरी उघडी पडली की पुढे पाऊस येईपर्यंत ओढ बसते. त्या पायरीवर चुन्याने रेघ मारली. पाणी रेघेखाली गेले की पंप बंद, तंबू बंद, आगाऊ घेतलेले पैसे परत. पहिल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस रेघ उघडी पडली, गेल्या वर्षी त्याच्याही आधी. मेची सुट्टी म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा, तो गेला. पुतण्याची मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिच्या फीचा आकडा मला वहीत समोर दिसतो. तो कुरकुरत नाही, पण मार्च उजाडला की रोज सकाळी विहिरीत डोकावतो.

यंदा फेब्रुवारीत त्या दोन बायकांपैकी एक बागेत आल्या. म्हणाल्या, रेघ एक पायरी खाली घ्या. तंबू बंद झाले की सुनेचे भाकरीचे पैसे बंद होतात, आणि नातवाची शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हाच पैसा लागतो. पाण्यासाठी आम्ही पऱ्यावरून दोन खेपा जास्त करू, पूर्वी करतच होतो. खेपा कोण करणार, असे मी विचारले. सूनच करील, त्या म्हणाल्या. पुतण्याने चुन्याचा डबा आणून ठेवला आहे. सुनेला अजून कोणी विचारलेले नाही, आणि तोपर्यंत रेघ सातव्या पायरीवरच आहे.